मदत हवी आहे: टाटा बॉक्स नसेल तर ट्रान्स्क्रिप्शन सुरू कुठून होतं?

नमस्कार. नारायण पेठेत बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. या आठवड्यात दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या) पेशीतलं ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनणं, घेतलं. सुरुवातीच्या जागेआधी साधारण २५-३० बेसवर (डीएनएच्या अक्षरांवर) टाटा बॉक्स हा टी-ए-टी-ए असा छोटा क्रम, त्यावर टीबीपी हे प्रथिन बसून डीएनएला वाकवतं, मग बाकीचे फॅक्टर (मदतनीस प्रथिनं) आणि आरएनए बनवणारं एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज-२, येतात, इथपर्यंत सगळं सुरळीत. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, प्रत्येक जनुकाला टाटा बॉक्स असतो?"

माणसाच्या बहुसंख्य जनुकांना तो नसतो. मग जागा दाखवतं कोण? आणि पॉलिमरेज थांबतो कसा? "परीक्षेला येत नाही" म्हणून तिला गप्प करायचं नाहीये. कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १
ताई, मुलीला शाबासकी सांगा. मी पाषाणला यीस्टवर काम करतो.

टीबीपी एकटं येत नाही. टीएफ-टू-डी या मोठ्या समूहात त्याच्यासोबत टाफ नावाची डझनभर प्रथिनं असतात. काही टाफ सुरुवातीच्या बेसभोवतीचा इनिशिएटर हा डीएनएचा क्रम ओळखतात, काही त्यापुढे तीसेक बेसवरचा डीपीई हा दुसरा क्रम. टाटा नसला तरी टीबीपी लागतंच, त्याला जागेवर आणायचं काम टाफ करतात.

मला सर्वात आवडतो तो पुढचा भाग. माणसाच्या बऱ्याच प्रमोटरमध्ये (जनुकाच्या सुरुवातीजवळचा, ट्रान्स्क्रिप्शन सुरू करणारा डीएनएचा भाग) सी-जी जोड्यांची दाटी असते. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो; तिथल्या हिस्टोन एच-३ च्या चौथ्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन मिथाइल गट असतात आणि टाफ-३ नेमकी ती खूण पकडतं. म्हणजे नुसता डीएनएचा क्रम नव्हे, तो ज्यावर गुंडाळलाय त्या हिस्टोनवरच्या खुणाही वाचल्या जातात! अशा ठिकाणी सुरुवात एकाच बेसपासून होत नाही, ५०-१०० बेसच्या पट्ट्यात कुठूनही होते.

थांबण्याचं थोडक्यात: आरएनएमध्ये एएयूएएए आलं की पुढे १०-३० बेसवर तो कापला जातो. पॉलिमरेज मात्र चालूच राहतो. कापल्यावर पॉलिमरेजला जोडलेल्या आरएनएच्या टोकाला कॅप (आरएनएच्या सुरुवातीचं संरक्षक टोपण) नसते, म्हणून एक्सआरएन-२ हे एन्झाइम तो खात खात पॉलिमरेजला गाठतं आणि डीएनएवरून सुटायला लावतं.

मूळ धागाकर्ती
मनापासून आभार! पण सुरुवात अशी विखुरलेली असेल तर प्रथिन बदलत नाही? ती हे विचारणारच.

प्रतिसाद १
सहसा नाही. भाषांतर (आरएनए वाचून प्रथिन बनवणं) सुरू करणारा एयूजी हा तीन बेसचा संकेत त्या पट्ट्याच्या पुढे असतो. त्याच्या आधीचा, प्रथिनात न उतरणारा भाग तेवढा लांबआखूड होतो.