डोंगरात रमलेली, घराशी बांधलेली माणसे : आपले अनुभव लिहावेत

पाऊलवाट

परवा पावसाळ्याआधीची आवराआवर करताना माळ्यावर बाबांची खाकी कॅनव्हासची सॅक सापडली. तिला अजून रॉकेलचा आणि ओल्या दोराचा वास येतो. बाबांना जाऊन दोन वर्षे होतील, पण सॅकच्या पट्ट्याला त्यांच्या खांद्यावर पडलेली घडी तशीच आहे. आतल्या कप्प्यात त्यांची वही होती, आणि ती वाचता वाचता आवराआवर तिथेच राहिली.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. तिकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, त्यामुळे बुधवारची पाळी संपवून ते रात्रीच्या एसटीने निघत आणि गुरुवारी रात्रीच्या जेवणाला घरी हजर असत. मला किंवा दादाला बरोबर न्यायचे झाले, की शाळेची रजा घ्यावी लागे. त्या चिठ्ठीत ते ‘कौटुंबिक कारणास्तव’ असे लिहीत, आणि ते त्यांना अक्षरशः खरे वाटत असे.

१९८६ च्या सप्टेंबरात त्यांनी मला हरिश्चंद्रगडावर नेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. खुबी फाट्याला उतरून खिरेश्वर, तिथून तोलार खिंड, खिंडीतले वाघाचे शिल्प, मग कातळावरची चढण. तिथे बाबा माझ्या मागून चढत होते आणि पुढचा पाय कुठे ठेवायचा एवढेच सांगत होते. ‘सांभाळ’ हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. रात्री देवळाजवळच्या गुहेत मुक्काम केला. सकाळी कोकणकड्यावर गेलो, तर खालची सगळी दरी धुक्याने काठोकाठ भरलेली होती आणि पाठीमागून ऊन आले होते. समोरच्या धुक्यावर माझी सावली पडली आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचे गोल कडे उमटले. मी ओरडले, “बाबा, माझ्याभोवती इंद्रधनुष्य आलंय!” बाबा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “मला माझ्याभोवती दिसतंय. हे इंद्रवज्र. ज्याचं त्याला दिसतं.” कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने पूर्वी याच कड्यावरून ते पाहिल्याची नोंद आहे, हेही त्यांनी तिथेच सांगितले. पण मला आठवतो तो त्यांचा हात. कडे विरेपर्यंत त्यांनी माझे मनगट सोडले नव्हते.

वहीत त्यांनी उभे रकाने आखले आहेत : तारीख, गड, गाडी, पाणी आणि शेवटचा रकाना ‘घरी’. पाण्याच्या रकान्यात कोणते टाके कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, हे आहे. ‘घरी’ या रकान्यात ते परतल्यावर काय आढळले ते लिहीत. ‘धाकटीचा ताप उतरला.’ ‘पिठले-भाकरी. सगळे जागे.’ ‘हिचा भाऊ आला होता, भेट हुकली.’ चौतीस वर्षांच्या नोंदींत हा रकाना कुठेही कोरा सोडलेला नाही.

तुमच्याही घरी असे कोणी होते का? वडील, नवरा, काका, आजोबा, कोणीही. जमेल तसे लिहा.

धानबांधी

आमच्या ह्यांना गड-किल्ले ठाऊक नव्हते, कारण आमच्या गोंदियाकडे तलावच तलाव. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि शाळा सुटली की सायकलवरून सारस पाहायला जात. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः आमच्याच भागात उरला आहे, आणि तो घरटे करतो तेही भर पावसाळ्यात, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. माणसाच्या उंचीचा पक्षी आणि त्याचे ते चिखल-गवताचे रुंद घरटे म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने तेवढ्या जागेतले रोवणे, म्हणजे लावणी, वाया गेले.

एका वर्षी एका शेतकऱ्याने घरटे मोडायचे ठरवले होते. हे दोन दिवस त्याच्या बांधावर जाऊन बसले आणि शेवटी तेवढ्या जागेच्या धानाचे पैसे स्वतःच्या पगारातून देऊन आले. त्या महिन्यात मुलीच्या शाळेच्या गणवेशाचे पैसे मी वेगळे काढून ठेवले होते, म्हणून आमचे निभावले. मी रागावले होते, हे खरे सांगते. दुसऱ्या दिवशी हे मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले. नर घरट्यावर बसला होता, मादी आली, दोघांनी माना वर करून एका सुरात आवाज दिला आणि मग नर उठून ती बसली. हे हळूच म्हणाले, “पाहा, पाळी बदलली.” त्यानंतर आमच्या घरी रात्री आजारी मुलाजवळ बसायची पाळी बदलताना हे नेहमी तेच दोन शब्द म्हणत. त्यांना जाऊन सात वर्षे झाली. आता नातवंडाला ताप आला की सून आणि मुलगा एकमेकांना तेच म्हणतात, आणि ते शब्द कुठून आले हे सुनेला ठाऊक नाही.

रानजाई

धानबांधी ताई, सुनेला नक्की सांगा. कुकर लावला आहे, म्हणून एवढेच लिहिते. सविस्तर रात्री लिहीन.

खाडीकाठ

आजोबा पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकायचे. पागाची एक कड दातांत धरायची, थोडा घेर डाव्या खांद्यावर, बाकीचा उजव्या हातात. मग कमरेतून वळून तो असा फेकायचा, की पाण्यावर पडताना पूर्ण गोल उघडला पाहिजे आणि शिशाचे मणी सगळे एकदम बुडाले पाहिजेत. मणी पुढेमागे बुडाले की त्या फटीतून मासा निसटतो. मी आठ वर्षांचा असताना त्यांनी मला आधी अंगणात, सारवलेल्या जमिनीवर, महिनाभर पाग टाकायला लावला आणि उघडलेल्या गोलाच्या कडेने कोळशाची रेघ ओढून तो किती वाकडा झाला ते दाखवले.

पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात तेव्हा सगळे गाव ओढ्यावर लोटते. रायगडाकडे त्याला वलगण म्हणतात. आजोबा त्या दिवसांत पाग खुंटीवरून काढत नसत. अंडी घालायला वर निघालेला मासा धरला तर पुढच्या वर्षी खायचे काय, एवढेच ते म्हणत. आजीला मात्र गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, अतिशय आवडायची. घरात कोणी मागून खाल्ले नाही आणि कोणी कुरकुरलेही नाही. पण पाऊस थोडा स्थिरावला की ते पहाटे खाडीवर जात, आणि मिळालेल्या माशांत गाभोळी निघाली तर ती आजीच्याच पानात पडे. बाकी आम्ही अकरा माणसे जेवायला असू, पण त्याबद्दल कधी कोणी शब्द काढला नाही.

पाऊलवाट

खाडीकाठ, कोळशाच्या रेघेवरून एक आठवले. दिवाळीत आमच्या दारात राजगड होत असे, दरवर्षी राजगडच. गोणपाट चिखलात बुडवून विटांवर टाकायचे, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या आपापल्या दिशेलाच वळल्या पाहिजेत, सुवेळेवरच्या नेढ्यातून, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकातून, पलीकडचे दिसले पाहिजे; आणि मगच अळीव पेरायचे. दिशा चुकली तर बाबा रात्री उठून ती माची पुन्हा बांधत. दादा आता त्याच्या सोसायटीच्या वाहनतळात त्याच मापाने बांधतो.

उंबरठा

आईच्या बाजूनेही कोणीतरी लिहावे असे वाटले, म्हणून लिहिते आहे. माझे वडील महिन्यातून तीन रविवार बाहेर असत. ते प्रेमळ होते, आमच्यावर जीव टाकत, आणि आमची नावेही त्यांनी फुलांवरून ठेवली. तरीही तीन रविवार आई एकटी असे. फोन नव्हते. एकदा माळशेज घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि ते सोमवारी दुपारी घरी आले. तोवर आई खिडकीतून उठली नव्हती. ते आल्यावर ती काहीही बोलली नाही, तिने फक्त बंबात लाकडे सारली आणि अंघोळीचे पाणी तापत ठेवले. त्या दिवसानंतर ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत परतीची वेळ लिहून जाऊ लागले आणि ती त्यांनी बहुतेक वेळा पाळलीही. पण आई त्यांच्याबरोबर कधीच गेली नाही. तिला कोणी विचारले होते का, हे मला आजही माहीत नाही, आणि आता विचारायला दोघांपैकी कोणीही नाही.

रानजाई

उंबरठा, तुम्ही हे लिहिलेत ते फार बरे केलेत. माझ्या काकूंनी काकांना लग्नानंतर अकरा वर्षांनी स्वतःच विचारले की मलाही यायचे आहे. तोपर्यंत काकांच्या मनात ते आलेच नव्हते, आणि याची खंत त्यांनी आमच्यासमोर अनेकदा बोलून दाखवली. पुढे दोघे मिळून कारवी फुलायच्या वर्षाची वाट पाहत. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे तिचा बहर दोघांना एकत्र तीनदाच पाहता आला. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्या तिन्ही वर्षांच्या वाटा त्यांना वळणावळणाने आठवतात.

धानबांधी

पाऊलवाट ताई, सॅकला बुरशी असेल तर धुऊ नका. उन्हात न घालता सावलीत वारा द्या, कोरड्या ब्रशने झाडा आणि आत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. वहीला प्लॅस्टिकचे वेष्टण मात्र लावू नका. ह्यांच्या नोंदींची एक वही त्यात दमट होऊन पाने चिकटली.

सातासमुद्रापार

मी सिएटलला असतो. इकडे आता पहाट आहे.

बाबा नाशिकला पोस्टात होते आणि वर्षातून एकदा कळसूबाईला गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बारी गावातून वर जायचे, शिड्या चढायच्या, देवीला नमस्कार करायचा आणि माथ्यावर बसून आईने दिलेल्या दशम्या खायच्या. दशमी उरली तर ती घरी परत आणायची, कारण ‘कळसूबाईवरून आलेली दशमी’ म्हणून आम्ही भावंडे तिचे चार तुकडे करून खात असू.

ते बहात्तर वर्षांचे असताना इकडे आले. तोवर गुडघे थकले होते. मी त्यांना गाडीने माउंट रेनियरच्या कुशीतल्या पॅरडाइज या ठिकाणी नेले. जून महिना असूनही बर्फ होते. तिथली उंची ५४०० फूट असल्याचे वाचून ते पाटीसमोरच थांबले, त्यांनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, “म्हणजे १६४६ मीटर. अरे, आपण कळसूबाईवर उभे आहोत.” समोर त्याच्याही वर पावणेतीन हजार मीटर डोंगर उभा होता, पण त्याकडे त्यांनी नंतर पाहिले. आधी त्यांनी आईला बोलावले आणि सांगितले, “चाळीस वर्षं मी ज्या उंचीवर बसून तुझ्या दशम्या खाल्ल्या, ती ही.” आई कळसूबाईला कधीच आली नव्हती. तिने पिशवीतून डबा काढला. दशम्या नव्हत्या, मेथीचे ठेपले होते. ते आम्ही बर्फाच्या कडेला उभ्याने खाल्ले.

उंबरठा यांचे वाचून हे लिहावेसे वाटले. बाबांनीही आईला कधी विचारले नव्हते.

उंबरठा

आपले आभार. हे मी पुन्हा पुन्हा वाचते आहे.

खाडीकाठ

पाऊलवाट, वहीतली शेवटची नोंद कोणती आहे? सांगावीशी वाटत नसेल तर राहू द्या.

पाऊलवाट

सांगते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांनी गड सोडले, पण वही सोडली नाही. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी पर्वतीच्या आहेत. शेवटची अशी आहे. गड : पर्वती, १०३ पायऱ्या, तीनदा बसलो. गाडी : रिक्षा. पाणी : बाटलीतले. घरी : नातीने दार उघडले.

सातासमुद्रापार

एक विनंती आहे. पाण्याचा रकाना तुम्ही इथे लिहून द्याल का? डिसेंबरात मी मुलांना घेऊन तिकडे येतो आहे आणि त्यांना हरिश्चंद्रगड दाखवायचा आहे. केदारेश्वराच्या गुहेतल्या त्या थंडगार पाण्यात उतरायचे, असे त्यांनी आतापासूनच ठरवून टाकले आहे.

पाऊलवाट

नक्की देते. हरिश्चंद्रगडाची पाने आधी उतरवून घेते. तिथल्या बाबांच्या एकूण एकवीस नोंदी आहेत आणि त्यांपैकी चार डिसेंबरातल्या आहेत. अक्षर बारीक आहे आणि काही ठिकाणी शाई फुटली आहे, म्हणून दादाला शेजारी बसवून वाचावे लागेल. रविवारी तो येणार आहे.