रेअर पेअर: उलूपी–चित्रांगदा. टॅग कसा लावायचा, आणि जोडी पटवायची कशी?

पाणंदवाट (सांगली)

महाभारतावर फिक (चाहत्याने रचलेली कथा) लिहून होत आली आहे. जोडी उलूपी आणि चित्रांगदा, क्वचितच कुणी लिहितं अशी, म्हणजे रेअर पेअर. अर्जुन दोघींचा नवरा, पण गोष्टीत तो जवळजवळ नाहीच. साधारण ६,००० शब्द, दोन भाग. पहिला अश्वमेधाच्या वेळचा, दुसरा आजच्या काळातला, सांगली-शिराळ्यात घडणारा. उलूपी नागकन्या, म्हणून नागपंचमीचं शिराळा.

कर्ण–द्रौपदी लिहिलं की वाचक आपोआप येतो. या दोघींसाठी कोण येणार? एओथ्रीवर (फिकच्या संकेतस्थळावर) टाकायचं ठरलंय. तिथे टॅग टाईप करताना सुचवणीत जोडीचं नाव आलं नाही तर काय करायचं? अर्जुनाचा टॅग लावू का, म्हणजे निदान कुणाच्या तरी नजरेला पडेल? आणि ज्यांनी ही जोडी कधी मनातही आणली नाही त्यांना ती पटावी, यासाठी किती पाया घालावा लागतो?

तळटीप (सातारा)

टॅगचं आधी सांगतो, कारण घोळ तिथेच होतो.

दोन नावांमध्ये तिरकी रेघ (/) म्हणजे प्रणय. '&' म्हणजे मैत्री, बहिणी-बहिणी, सवती-सवती, काहीही, पण प्रणय नाही. तुमचं जे असेल ते एकच लावा. दोन्ही लावले तर '&'वाला वाचक मध्येच फसल्यासारखा उठून जातो आणि '/'वाला शेवटपर्यंत वाट बघत बसतो.

सुचवणीत नाव आलं नाही तरी पूर्ण नावं लिहून टॅग टाका. तो स्वीकारला जातो. मात्र टॅग सांभाळणारे स्वयंसेवक त्याला मान्यता देईपर्यंत वाचकाला त्यावर गाळणी (फिल्टर) लावता येत नाही. टॅगवर टिचकी मारली की यादी दिसते, एवढंच. म्हणून स्पेलिंग आधी कुणी वापरलंय का ते शोधून तेच वापरा. रोमन लिपीत उलूपी दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जाते आणि मग चारच फिक असलेली जोडी तीन ढिगांत विखुरते.

त्याहून मोठी गोम चित्रांगदेची. शंतनु-सत्यवतीचा थोरला मुलगा चित्रांगद रोमन लिपीत अगदी तसाच लिहिला जातो. सुचवणीतलं पहिलं नाव डोळे झाकून निवडलंत तर उलूपीची जोडी भीष्माच्या सावत्र भावाशी जमेल. देवनागरीत हा प्रश्नच येत नाही, पण तिथले बहुतेक टॅग रोमन आहेत.

अर्जुनाचा जोडीचा टॅग लावू नका. तो दोन ओळींपुरता येत असेल तर पात्रांच्या यादीत त्याचं नाव पुरे. जोडीच्या टॅगमागे आलेल्या वाचकाला अर्जुन-उलूपीचा प्रसंग हवा असतो, तो नाही मिळाला की तो पुन्हा तुमच्या नावाकडे फिरकत नाही. शिवाय रेअर पेअर शोधणारे मुरलेले लोक शोधाच्या खिडकीत ओटीपी, कोलन, ट्रू असं रोमन छोट्या अक्षरांत टाकतात. ओटीपी म्हणजे इथे 'वन ट्रू पेअरिंग'; त्याने जोडीचा एकच टॅग असलेल्या कृती तेवढ्या उरतात. तुम्ही चार जोड्या लावल्यात की नेमका हाच वाचक गेला. सगळे टॅग मिळून ७५ची मर्यादा आहे. तुम्हाला १० पुरतील.

भाषेच्या रकान्यात 'मराठी' निवडा. चुकून इंग्रजी निवडली की देवनागरी मजकूर इंग्रजीच्या यादीत जाऊन पडतो.

पर्व_चौदावं (कऱ्हाड)

पटवण्याचं बोलू. दुर्मीळ जोडीसाठी मूळ ग्रंथात दोघी एकत्र असलेला एक तरी प्रसंग सापडला पाहिजे. तुमचं नशीब चांगलं, इथे तो आयताच आहे. आश्वमेधिक पर्व काढून बसा.

अश्वमेधाचा घोडा आणि त्याच्या मागे अर्जुन मणिपूरला येतो. चित्रांगदेचा मुलगा बभ्रुवाहन बापाच्या स्वागताला जातो, तर अर्जुन त्याचीच निर्भर्त्सना करतो. तेवढ्यात जमीन फोडून उलूपी वर येते, बभ्रुवाहनाला आपण तुझी आई आहोत असं सांगते आणि लढायला लावते. पोटचा मुलगा चित्रांगदेचा, पण आई म्हणवून घेतेय उलूपी. अर्जुन पडतो. चित्रांगदा रणात येते, उलूपीला दोष देते आणि नवरा जिवंत झाला नाही तर प्राण सोडीन म्हणून तिथेच बसते. उलूपी संजीवक मणी आणवते. मग कारण कळतं: भीष्माला अधर्माने पाडलं म्हणून वसूंनी अर्जुनाला शाप दिला होता आणि मुलाच्या हातून पडल्याशिवाय तो फिटणार नव्हता.

आता नीट बघा. ही योजना चित्रांगदेला आधी का सांगितली नाही? दोघी एकमेकींना केव्हापासून ओळखतात? अर्जुनाच्या वनवासातल्या लग्नांपासून या प्रसंगापर्यंत मधली कितीतरी वर्षं ग्रंथ यावर गप्प आहे. तुमची फिक त्या वर्षांत बसते. पाया म्हणून ८०० ते १,००० शब्द पुरेत, पण ते सुरुवातीलाच हवेत. वाचक पाचव्या पानापर्यंत थांबत नाही.

पुढे अश्वमेधाला दोघी हस्तिनापुरात येतात. महाप्रस्थानाच्या वेळी उलूपी गंगेत शिरते, चित्रांगदा मणिपूरला परतते. शेवट बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण टॅगमध्ये तसं कळू द्या.

रेअर पेअरमध्ये हमखास फसणारी जागा म्हणजे अर्जुनाला खलनायक करणं. वाट मोकळी करायला नवऱ्याला दुष्ट ठरवायचं हा आळस आहे, वाचकाला तो लगेच कळतो. गरजही नाही, तो निघूनच गेलाय. चित्रांगदेचा बाप चित्रवाहन राजा, त्याची अट होती की मुलगा आपल्याच वंशाचा राहील, म्हणून चित्रांगदा मणिपूरला बांधलेली. उलूपी बापाघरी, नागलोकात. अंतर आहे, सवड आहे, समान दुःख आहे. आणखी काय पाहिजे?

आणि मणिपूर म्हणजे आजचं राज्य असं धरून तिला तिथला पोशाख चढवू नका. आदिपर्वात अर्जुन कलिंग ओलांडून समुद्राच्या कडेकडेने तिथे पोचतो.

हळदपेठ (सांगली)

दुसऱ्या भागाबद्दल दोनच गोष्टी.

शिराळ्याची नागपंचमी दाखवणार असाल तर साल आधी ठरवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, त्यानंतर न्यायालयाचे आदेश आले. जिवंत नाग पकडून मिरवण्याचं जुनं दृश्य आजच्या काळात तसंच टाकलं तर इथला वाचक पहिल्याच परिच्छेदात अडकेल. जुना काळ हवा असेल तर आजीच्या तोंडून आणा. आणि नागाला दूध पाजू नका, तो पीत नाही. उलूपीला तर हे ठाऊक असणारच. खरं तर तिने त्यावर चिडणं हाच झकास प्रसंग होईल.

पूर दाखवणार असाल तर आकडे नीट घ्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. '४१ फूट, शहर बुडालं' असं लिहू नका. उलूपीला मात्र पाणी चढल्याचं आकड्याआधी कळावं, गंगेतून अर्जुनाला आत ओढून नेणारी बाई आहे ती.

पुराणातल्या बायकांना सांगलीत आणायला बिचकू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ सालीच इथे पुराणातली पात्रं रंगमंचावर उभी केली.

पाणंदवाट (सांगली)

चित्रांगदची गोम लक्षातच आली नसती. सगळ्यांचे आभार. अजून दोन शंका: देवाधर्माच्या गोष्टीत दोन बायकांचं प्रेम, शिवीगाळ झाली तर? आणि दोन्ही भाग एकत्र टाकू की वेगळे?

तळटीप (सातारा)

कृती फक्त खातेदारांना दिसेल अशी कुलूपबंद करता येते, आणि प्रतिक्रिया तुम्ही मंजूर केल्याशिवाय दिसू नयेत अशीही सोय आहे. पहिला महिना दोन्ही चालू ठेवा. वाचक थोडे घटतील, डोकं शांत राहील.

भाग वेगळे टाका आणि मालिकेत जोडा. अश्वमेधवाल्याला शिराळा नको असतो आणि उलटही. '१/?' (एक भाग झाला, एकूण किती ते ठरलेलं नाही) असं अर्धवट सोडू नका. अनोळखी जोडीची अपुरी कथा कुणी हातात घेत नाही.

पर्व_चौदावं (कऱ्हाड)

वाचक कुठून, हे राहिलंच की ओ. युलटाईड बघा. छोट्या फॅन्डमच्या (कमी फिक असलेल्या मूळ कृतींच्या) कथांची देवाणघेवाण, २००३पासून दरवर्षी. किमान १,००० शब्द, कथा २५ डिसेंबरला उघडतात, लेखकांची नावं १ जानेवारीला. तिथे जोडी मागायची नसते, पात्रं मागायची असतात. तेव्हा दोघींची नावं टाका आणि सूचनांच्या रकान्यात मणिपूरचा प्रसंग दोन ओळींत लिहा. महाभारत त्या वर्षीच्या नियमात बसतंय का ते मात्र नामांकनाच्या वेळीच तपासा, फॅन्डम मोठं झालं की ते बाद होतं.