घरी बांधलेला पेन-प्लॉटर: सरळ दांडे कुठे मिळतील?

प्रश्न (मिरज)

आमच्या घरात तंबोऱ्यांचं काम चालतं. वेलबुट्टी वडील आधी कागदावर काढून घेतात. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून त्यांच्या जुन्या नक्ष्या ट्रेसिंग पेपरवर उतरवणारं ए३ मापाचं मशीन बांधतोय. नेमा १७ मापाच्या दोन स्टेपर मोटारी (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या), आर्डुइनो उनो हा कंट्रोल बोर्ड, त्यावर बसणारं सीएनसी शील्ड, मोटारी चालवणारे ए४९८८ ड्रायव्हर आणि पेन उचलायला एसजी९० सर्वो ऑनलाइन मागवले. दांड्यांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून ८ मिमीचा गज कापून आणला. आडव्या अक्षाची पट्टा-पुलीची जोडी भंगारातून घेतली, २० दातांची.

पेन उजवीकडे जाताना ठरावीक जागी रेघ हलते. शिवाय १०० मिमीचा चौकोन काढला की उभी बाजू बरोबर येते, आडवी दीड मिमी जास्त भरते. वडिलांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "ही कळी माझी नाही." दांडे, पट्टा कुठून घेऊ?

उत्तर (पुणे)

आधी पट्टा तपासा. दातेरी पट्ट्यांचे दोन प्रकार सारखेच दिसतात: जीटी२ च्या दोन दातांतलं अंतर २ मिमी, एमएक्सएलचं २.०३२. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पट्टा ताणून १०० दात मोजा. २०३ मिमीच्या आसपास भरले तर एमएक्सएल आहे. लगेच बदलायला हवा असंही नाही: जीआरबीएलमध्ये (उनोवर चालणारा, मोटारी हलवणारा प्रोग्रॅम) '$१००' या सेटिंगला, म्हणजे आडव्या अक्षाच्या दर मिमीच्या स्टेप्सना, ८० ऐवजी ७८.७४ टाका. पुढेमागे मात्र जीटी२ घ्याच, दिशा बदलताना तो कमी ढिला पडतो.

गज काढून टाका. दांड्यावर सरकणाऱ्या एलएम८यूयू बेअरिंगच्या गोळ्या मऊ लोखंडावर चरे पाडतात. बेअरिंगवाल्याकडे ८ मिमीचा 'लिनिअर शाफ्ट' म्हणून मागा आणि दुकानातच काचेवर लोळवून बघा. खालून उजेड दिसला की परत करा. बाकी सुटे भाग इथे तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात.

सर्वोला उनोचे ५ व्होल्ट देऊ नका, बोर्ड मधेच रीसेट होतो. वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड एकत्र जोडा.

उत्तर (नाशिक)

बंद पडलेल्या इंकजेट प्रिंटरमधला दांडा सरळ असतो. पण व्हर्नियर घेऊनच जा, प्रत्येकाची जाडी वेगळी. आतल्या मोटारी बहुतेक साध्या डीसी असतात, स्टेपर नव्हे, त्या तुमच्या कामाच्या नाहीत.

प्रश्नकर्ता (मिरज)

१०० दात मोजले, २०३ भरले! आकडा बदलला, चौकोन बरोबर आला. गज देवघराच्या काचेवर लोळवला, मधोमध उजेड दिसला. रेघ हलते तीच जागा.

रविवारी पुण्याला येतोय, जुन्या बाजारात प्रिंटर बघतो, नाहीतर शाफ्ट घेतो. काल वडिलांना कळी पुन्हा काढून दाखवली. त्यांनी पेन्सिल घेतली आणि देठापाशी एक वळण वाढवलं. ते वळण मी स्कॅनमध्ये गाळलं होतं.