महिना बारा हजारांत नाशिकमध्ये नीट जगता येते का?

पंचवटीकर: निवृत्तीनंतर गेली तीन वर्षे आम्ही दोघे महिना बारा हजारांत राहतो आणि आम्हाला काही उणे वाटत नाही. बुधवारी दिवेलागणीनंतर गोदाकाठच्या बाजारात गेले की, उरलेला माल परत न्यायचा कंटाळा आलेले विक्रेते मेथीच्या दोन जुड्या एकीच्या भावात देतात. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय गावात असल्यामुळे पुस्तके विकत घेणे मी सोडले. उन्हाळ्यात घाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने पत्नी माहेरी सिन्नरला मनात येईल तेव्हा जाऊन येते. पैसा कमी पडतो म्हणणाऱ्यांची बहुधा हौस जास्त असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातपूरचा भाडेकरू: काका, आपल्या हिशेबात घरभाडे कुठेच दिसले नाही. मी कंत्राटी कामगार आहे. एका खोलीचे साडेपाच हजार दिल्यावर माझा महिना सुरू होतो, आणि दुसऱ्या पाळीतून सुटेपर्यंत आपला बाजार उठलेला असतो. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते हे खरे, पण तेल, डाळ आणि सिलिंडर विकतच आणावे लागतात. गेल्या पावसाळ्यात मुलाला डेंग्यू झाला, तेव्हा चार दिवसांच्या बिलात वर्षभर साठवलेले सगळे गेले. यात माझी हौस कोणती?

पंचवटीकर: महात्मा फुले जन आरोग्य योजना अशा वेळेसाठीच आहे ना?

सातपूरचा भाडेकरू: आहे, पण ठरावीक आजारांना आणि ठरावीक रुग्णालयांत. रात्री दोन वाजता ताप चढलेले मूल खांद्यावर घेऊन निघालेला माणूस यादी पाहत नाही, समोर दिसेल त्या दारात शिरतो.

निवडटिपण: मला त्या स्वस्त मेथीबद्दल बोलायचे आहे. दिवसभर पाणी मारून ठेवलेली जुडी त्याच रात्री निवडावी लागते, नाहीतर सकाळपर्यंत आतून काळी पडते, आणि निम्मी पाने पिवळी निघतात. वाचलेल्या दहा रुपयांसाठी कुणीतरी तासभर खाली मान घालून बसते. आपल्या घरी ते कोण असते?

पंचवटीकर: मेथी मीच निवडतो, हवे तर पत्नीला विचारा. (कोथिंबीर मात्र ती माझ्या हाती देत नाही.) घर १९९४ साली घेतले आणि नोकरीत असतानाच फेडले, हे लिहायला हवे होते, ती चूक मान्य. परंतु माझ्याइतकेच निवृत्तिवेतन आणि स्वतःचे घर असूनही दर महिन्याला उसनवारी करणारे सोबती मी रोज पाहतो, आणि माझे म्हणणे मुळात त्यांच्यासाठी होते.

सातपूरचा भाडेकरू: मग शीर्षकात ‘स्वतःचे घर असल्यास’ एवढे शब्द वाढवा, माझी हरकत तेवढ्यापुरतीच होती.