पुस्तक हरवलं तर मास्तरांकडून पैसे घेऊ नका, कपाटं आपोआप उघडतील

गिरणाकाठ

यंदा पंधरा ऑगस्टला भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावी होते. झेंडावंदन झाल्यावर भावासोबत जिल्हा परिषद शाळेच्या ऑफिसात बसले. तो शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. कोपऱ्यात लोखंडी कपाट, आणि कपाटाला टेकून पोषण आहाराच्या तांदळाची दोन पोती. मी सहज विचारलं, यात काय आहे? मॅडम म्हणाल्या, ग्रंथालय.

पोती सरकवली, किल्ल्यांचा जुडगा आला, चौथी किल्ली लागली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं एका रांगेत, प्रत्येकाच्या पहिल्या पानावर शाळेचा शिक्का, दाखल क्रमांक आणि किंमत, अक्षर मोत्यासारखं. कोणीतरी मन लावून काम केलंय हे दिसत होतं. एक पुस्तक उघडलं तर मधली दोन पानं वरच्या कडेला अजून छापखान्यातून आली तशी जोडलेलीच. शेवटच्या पानावर देवघेवीची चिठ्ठी डकवलेली, तारखांचे सगळे रकाने कोरे. खालच्या कप्प्यातलं एक उचलायला गेले तर पाच पुस्तकं एकदम उचलली गेली. उधईने, म्हणजे वाळवीने, ती एकमेकांना सांधून टाकली होती. मागे भाची उभी होती, चौथीतली. हळूच म्हणाली, "फुई, इतला पुस्तकं शेतस आपली शाळामा?"

चार वर्षं ती त्याच शाळेत जातेय.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असतील. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी प्राथमिक शाळेला पुस्तकांसाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पुस्तकं येतात, पण कपाटातून बाहेर पडत नाहीत. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी ती सतरंजीवर मांडली जातात, मुलं खरंच हरखून वाचतात, आणि संध्याकाळी पुन्हा आत. त्या दिवशीचे मुलांचे चेहरे मी पाहिलेत, म्हणून ती आत जाताना जीव तुटतो.

मी शिक्षकांना दोष देत नाही. मॅडमनी खरं कारण एका वाक्यात सांगितलं: "ताई, हरवलं तर माझ्याकडून वसूल होतं." गाठ आहे ती इथे. खडू संपला तर त्याचा तुकडा कोणी परत मागत नाही. पुस्तकाचंही तसंच झालं पाहिजे. मुलांनी घरी नेलेलं पुस्तक हरवलं, फाटलं, शेळीने खाल्लं, तर ते वापरात खर्च झालं असं नोंदवा आणि शिक्षकाला मोकळं करा. एवढा एक बदल केला तर खानदेशातल्या निम्म्या शाळांची कपाटं दिवाळीच्या आत उघडतील असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

चार्जवाले गुरुजी

ताई, तुमची तळमळ कळते, पण उपाय पटत नाही. बावीस वर्षं नोकरी झाली, चार शाळा झाल्या. दुसऱ्या शाळेतून बदली झाली तेव्हा चार्ज देताना ३८ पुस्तकं कमी निघाली. मी मुलांना बिनधास्त घरी देत होतो. शेवटच्या पगारातून भरपाई केली तेव्हा कुठे कार्यमुक्तीचा कागद हातात पडला. बायकोला सांगायची लाज वाटली, कारण तिने तेव्हाच म्हटलं होतं, "नका देऊ."

तरीही मी म्हणतो की जबाबदारी काढून टाकू नका. हरवलं तर चालतं हे एकदा कळलं की पुस्तक कोणाचंच राहत नाही. आमच्या गावातल्या सार्वजनिक नळाच्या तोट्या बघा. मुलाने पुस्तक नेलं, सांभाळलं, परत आणलं, हेही शिक्षणच आहे. मी आता शाळेतच वाचायला देतो, रोज पंधरा मिनिटं, परिपाठानंतर. घरी नाही.

गिरणाकाठ

गुरुजी, ३८ पुस्तकांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचाच अनुभव माझी बाजू सांगतो. तुम्ही पुस्तकं वाटत होतात, त्या वसुलीनंतर थांबलात. पंधरा मिनिटांत गोष्ट अर्धी राहते, आणि अर्धी राहिलेली गोष्ट रात्री अंथरुणात संपवायची असते. मी तशीच वाचायला शिकले, चिमणीच्या उजेडात, आई ओरडेपर्यंत.

भुसावळची आई

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. माझा मुलगा पाचवीत आहे. शिष्यवृत्ती आणि नवोदय, दोन्हीचे क्लास चालू आहेत. त्याच्या वर्गात निम्म्या मुलांना जोडाक्षरं धड वाचता येत नाहीत. आधी ते नको का? शिक्षकांचा वेळ पुस्तकं वाटण्यात आणि गोळा करण्यात गेला तर भाषा-गणित कधी होणार? गोष्टीची पुस्तकं चांगलीच, पण ज्या घरात नवोदयच्या एका जागेने पोराचं आयुष्य बदलतं, त्या घराला गोष्ट नंतर.

तोरणमाळ रोड

ताई, जोडाक्षरं यायला लागतात ती गोष्टीमुळेच. मी धडगाव तालुक्यात आहे, आमची मुलं घरी पावरी बोलतात. मराठी त्यांच्यासाठी शाळेत आल्यावर भेटणारी भाषा. बाराखडी घोकून घेतली तर तिसरीपर्यंत घोकतात आणि चौथीत विसरतात. चित्रांचं पुस्तक हातात दिलं की आधी चित्रावर पावरीत भांडतात, मग खाली काय लिहिलंय ते मला विचारतात. त्यांनी स्वतः विचारलेला शब्द सहसा विसरला जात नाही.

आता घरी देण्याबद्दल. दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची कुटुंबं कामाला गुजरातेत जातात, मुलं सोबत. दोन वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या दिवशी मी पाच मुलांना एकेक पुस्तक दिलं. होळीला लोक परत आले. पाचातली दोन पुस्तकं आली. एकाला उसाच्या चिपाडांचा वास होता, कव्हर गेलेलं, तेलाचे डाग. ते पुस्तक त्या पोरीने मला न बघता म्हणून दाखवलं, पान उलटायच्या जागेसकट. तिची धाकटी बहीण शाळेत आलीच नव्हती, तिलाही पाठ होतं. हरवलेल्या तीन पुस्तकांचे पैसे मी दिले आणि पुढल्या वर्षी पुन्हा पुस्तकं पाठवली.

चार्जवाले गुरुजी

सर, तुम्हाला नमस्कार. पण तुम्ही खिशातून दिलेत. सगळ्यांनी द्यायचे का? घराचे हप्ते सगळ्यांनाच आहेत.

तोरणमाळ रोड

नाही, कोणीच देऊ नयेत. गिरणाकाठ ताई तेच म्हणताहेत.

पांझरेचं पाणी

धुळ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. दोघांच्या भांडणात एक नियम ठेवतो, कदाचित उपयोगी पडेल.

केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम आहेत. त्यातला नियम २१५ ग्रंथालयाच्या पडताळणीचा. त्यात म्हटलंय की वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते नुकसान वाजवी धरावं, अट एवढीच की अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. हा नियम केंद्राच्या संस्थांना आहे, जिल्हा परिषदेला आपोआप लागू होत नाही. पण हरवणं हा ग्रंथालयाच्या कामाचा भाग आहे हे सरकारनेच लिहून ठेवलंय.

त्यातली मला आवडणारी गोष्ट पुढे आहे. पाचाचा हिशेब किती पुस्तकं कपाटात आहेत यावर नाही, किती वाचकांच्या हातात गेली यावर आहे. साठ मुलांची शाळा घ्या. प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेलं आणि पस्तीस आठवडे धरले, तर २,१०० वेळा देवघेव. म्हणजे दहा पुस्तकांची सूट. कुलूप लावून बसलेल्या शाळेला सूट शून्य! तिथे उधईने पाच खाल्ली तर त्या पाचांचा जाब द्यावा लागेल. जास्त वाटणाऱ्याला जास्त मोकळीक, हे तत्त्व आपल्याकडे का येऊ नये?

आणि भुसावळच्या ताईंचा वेळेचा मुद्दा खरा आहे. माध्यमिक शाळेत पट हजारावर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजार असेल तर अर्धवेळ, असा आपल्याकडचा निकष आहे. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पदच नाही. दोन शिक्षकी शाळेत पोषण आहार, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षण सांभाळून देवघेवीचं रजिस्टरही मास्तरांनीच लिहायचं.

चार्जवाले गुरुजी

नियम माहीत नव्हता, आभार. पण हिशेब खेड्यात बसत नाही. साठ मुलांत वर्षाला दहा नाही, वीस-पंचवीस जातात. कापूस वेचणीत मुलं शेतात, पुस्तक झोपडीत, झोपडी गळकी.

पांझरेचं पाणी

त्यातली किती हरवतात आणि किती फाटतात, गुरुजी? फाटलेलं, भिजलेलं पुस्तक परत आलं तर ते जीर्ण. जीर्ण वस्तूंचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून कमी करणं, तुम्ही मोडक्या बाकांचं करताच ना?

आसोद्याची वाट

कुलूप काढून काही होणार नाही असं माझं मत. त्या कपाटात आहे काय ते बघा. गोष्टीतली मुलं बाल्कनीतून पाऊस बघतात, सुट्टीत समुद्रावर जातात. आमच्या पोरांनी केळीच्या बागेतला पाऊस बघितलाय, पानावर टपटप वाजणारा. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत एक पुस्तक तरी दाखवा.

बहिणाबाई आसोद्याच्या, जन्म १८८० चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, कानावर पडेल ते आणि डोळ्यांना दिसेल ते, यातून त्यांची कविता आली. आधी पोरांच्या तोंडची भाषा शाळेत येऊ द्या, पुस्तकाचं मग बघू. नाहीतर परक्या घरच्या गोष्टींनी भरलेलं कपाट उघडं असो की बंद, पोरं त्याच्याकडे वळणार नाहीत.

गिरणाकाठ

बोलीतल्या पुस्तकांबद्दल शंभर टक्के सहमत. पण भाऊ, बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि १९५२ ला त्यांच्या कविता पुस्तकरूपात आल्या, कारण त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्या लिहून ठेवल्या होत्या. कागदावर नसत्या उतरल्या तर आज तुम्ही आणि मी त्यांच्याबद्दल बोललो असतो का? जात्यावरच्या कितीतरी बायकांचं गाणं त्यांच्याबरोबरच गेलं. माझ्या आजीचंही.

आणि परक्या घरची गोष्ट मुलांना नको असते हे मला नाही पटत. समुद्र मी विसाव्या वर्षी पाहिला, पण त्याआधी दहा वर्षं तो मला पुस्तकातून माहीत होता.

तोरणमाळ रोड

आसोद्याची वाट यांच्या मुद्द्याला जोडून. पुस्तक नाही तर बनवायचं. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते, छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. एक माणूस, शाई आणि कागद. आम्ही तेवढं रोज नाही, पण महिन्याला एक वही करतो. म्हातारी आजी पावरीत गोष्ट सांगते, मोठी मुलं देवनागरीत उतरवतात, लहान चित्रं काढतात, वर बारदानाचं कव्हर. मुलं सगळ्यात जास्त त्याच वह्या मागतात. त्यांना दाखल क्रमांक नाही, म्हणून हरवल्याची भीतीही नाही.

आसोद्याची वाट

हे ऐकून बरं वाटलं. लेवा बोलीत आम्हीही करून बघतो.

सप्तशृंगी एक्सटेन्शन

एवढा खटाटोप कशाला? बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. वर्गात एक टीव्ही लावा, पालकांच्या ग्रुपवर पाठवा. ना उधई, ना वसुली, ना रजिस्टर.

भुसावळची आई

दादा, फोन हातात आला की पोरगं अंकावरून व्हिडिओवर कधी जातं ते कळत नाही. मी नवोदयच्या बाजूने बोलत होते, पण यापेक्षा पुस्तक परवडलं. आणि काल रात्री हा धागा वाचून मी मुलाला विचारलं, शाळेतलं पुस्तक कधी घरी आणलंस? म्हणाला, "दुसरीत एकदा." कोणतं ते विचारलं तर अख्खी गोष्ट सांगितली, तीन वर्षांपूर्वीची. नवोदयचा उतारा मात्र त्याला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मी अजून क्लास बंद करणार नाहीये. पण सोमवारी शाळेत जाऊन कपाटाचं विचारणार आहे.

चार्जवाले गुरुजी

रात्री बराच विचार केला. हरवलं तर चालतं, हे मी मुलांना कधीच सांगणार नाही, त्यावर ठाम आहे. पण मुलांना काय सांगायचं आणि शिक्षकाकडून काय वसूल करायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पांझरेच्या सरांमुळे लक्षात आलं. इतकी वर्षं मी त्या एकत्रच धरत होतो.

येत्या शनिवारी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. एक ठराव मांडतो: गोष्टींची पन्नास पुस्तकं घरी देण्यासाठी वेगळी काढायची, देवघेव सातवीच्या दोन मुली बघतील, वर्षाअखेरीस जी जीर्ण झाली किंवा मिळालीच नाहीत त्यांची यादी समिती सह्या करून निर्लेखनासाठी वर पाठवेल. बाकीची कपाटातच राहतील, निदान या वर्षी. केंद्रप्रमुख काय म्हणतील सांगता येत नाही.

पांझरेचं पाणी

गुरुजी, ठरावात दोन गोष्टी घाला. देवघेव किती वेळा झाली तो आकडा दर महिन्याला इतिवृत्तात येऊ द्या, म्हणजे हरवलेली पुस्तकं त्या आकड्याशेजारी दिसतील. आणि पन्नासची निवड त्या दोन मुलींना करू द्या.

गिरणाकाठ

ठराव लिहून झाला की इथे टाका, गुरुजी. भावाला पाठवते. त्यांची बैठक महिनाअखेरीस आहे, आणि भाचीने तेवढ्यात कपाटातली तीन पुस्तकं हेरून ठेवलीत.