प्रभागातल्या कार्यक्रमांचा निधी बंद करून गटारांना द्यावा का?

उंबरठा (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात आमच्या प्रभाग समितीच्या बैठकीला गेले होते. विषयपत्रिकेवर सातवा विषय असा होता: सामुदायिक कार्यक्रमांसाठीची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकापासून रद्द करून ती पावसाळी गटारांच्या कामाकडे वळवणे. चार-पाच मिनिटांत तो संमतही झाला. सभागृहात कुणी हरकत घेतली नाही, मीही नाही. आता प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे जाणार आहे आणि तोवर नागरिकांना लेखी हरकत देता येते. मी देणार आहे. त्याआधी माझं म्हणणं इथे मांडते, चुकत असेल तर सांगा.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७०० हून जास्त माणसं दगावली. त्यात एकटे राहणारे वृद्ध फार होते. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. गरिबी दोन्हीकडे, एकट्या वृद्धांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं, ऊन तर तेच. पण पहिल्या वस्तीत लाखामागे ४० मृत्यू झाले आणि दुसरीत ४. दुसरीत म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती, दिसली नाहीत तर कुणीतरी चौकशी करत होतं.

त्याच वर्षी १७ जानेवारीला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. मानो नावाच्या वस्तीत रहिवाशांनी बादल्यांची साखळी करून आग पसरू दिली नाही.

शेजारच्या दारामागे कोण राहतं हे माहीत असणं मला गटाराइतकंच गरजेचं वाटतं. ती ओळख आपोआप होत नाही. वर्षातून चार वेळा तरी माणसं एका जागी यावी लागतात, आणि त्यासाठी पालिकेने थोडे पैसे बाजूला ठेवणं हा अपव्यय नव्हे.

कोरडा_रस्ता

ताई, तुमची कळकळ पोचली. तरी मी प्रस्तावाच्या बाजूने आहे.

मी तळमजल्यावर राहतो. मागच्या पावसाळ्यात तीनदा घरात पाणी शिरलं. तिसऱ्या वेळी रात्री दोन वाजता आईला खुर्चीत बसवून आम्ही तिघांनी जिन्याने वर नेली. तिला चालता येत नाही. पाणी ओसरल्यावर गाद्या फेकून दिल्या, आणि भिंतींना आलेली ओल उन्हाळ्यापर्यंत गेली नाही. ज्याच्या घरात गटाराचं पाणी येतं त्याला 'ओळख वाढवा' म्हणणं जड जातं.

पालिकेकडे पैसा मोजका असतो. जे काम नागरिक स्वतः करू शकत नाही ते पालिकेने आधी करावं. भूमिगत गटार मी वर्गणी काढून बांधू शकत नाही, मेळावा भरवू शकतो.

हिशेबवही

कोरडा_रस्ता यांच्याशी सहमत, आणि एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की हा निधी आधीच बंद व्हायला हवा होता.

मी आमच्या भागातल्या या तरतुदीचा तीन वर्षांचा खर्च अर्ज करून मागवला होता. मंडप, ध्वनिक्षेपक, रोषणाई, सत्कारांच्या शाली आणि फलक, यांतच बहुतेक पैसा गेला होता. फलकांवर नगरसेवकांचा फोटो मोठा आणि कार्यक्रमाचं नाव लहान. आयोजक तेच, ठेकेदार तेच, पहिल्या रांगेतल्या खुर्च्याही त्याच माणसांच्या. यातून कुठली ओळख वाढली?

तुमची उदाहरणंही तपासून घ्या. क्लिननबर्ग यांच्या मांडणीत साउथ लॉनडेल वाचलं ते कार्यक्रमांमुळे नाही. तिथे दुकानं चालू होती, पदपथ गजबजलेले होते, त्यामुळे वृद्धांना बाहेर पडायला भीती वाटत नव्हती. नॉर्थ लॉनडेलमधले मोठे कारखाने आणि कचेऱ्या गेल्या, लोक सोडून गेले, रिकाम्या प्लॉटांमधून चालायला माणसं घाबरायला लागली. म्हणजे पदपथ, दिवे, वस्तीतली दुकानं टिकवणं हे काम महत्त्वाचं ठरतं, आणि ती कामं गटारांच्याच बाजूची आहेत.

मानोचंही तसंच. १९६० च्या दशकात कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध तिथले लोक संघटित झाले होते. भूकंपाच्या वेळी त्या एकीला जवळपास तीस वर्षं झाली होती. ती पालिकेच्या मेळाव्यात जमलेली नव्हती.

उंबरठा

@हिशेबवही, लॉनडेलबद्दल तुमचं बरोबर आहे. मी त्यातला पदपथाचा आणि दुकानांचा भाग गाळला, तो गाळायला नको होता.

@कोरडा_रस्ता, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. एक विचारते, राग मानू नका. खुर्ची उचलायला जे दोघे आले ते कोण होते?

कोरडा_रस्ता

दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ. तुम्ही का विचारताय ते कळलं. त्यांची ओळख पाण्याच्या दाबाच्या तक्रारीमुळे झाली. अर्जावर सह्या घ्यायला घरोघर फिरलो, तेव्हा ते दोघे माझ्याबरोबर आले आणि नंतर पालिकेच्या कचेरीत चार खेपाही घातल्या. एकाही कार्यक्रमात आम्ही भेटलेलो नाही. हिशेबवही मानोबद्दल जे म्हणतात ते मला म्हणूनच पटतं. काम अडलं की माणसं जोडली जातात.

रातपाळी

मी रुग्णसेवेत आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रभर जागून सकाळी झोपते. आमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत सार्वजनिक कार्यक्रम असला की ध्वनिक्षेपकाच्या चाचणीपासून त्रास सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात नीट झोपेसाठी खोलीतला सलग आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा असं म्हटलंय. खिडक्या बंद करून, उशी कानावर घेऊनही मला ते मिळत नाही. तक्रार केली की उत्तर येतं, 'परवानगी आहे.'

तुम्ही एकटेपणाबद्दल लिहिलंत. ज्या मेळाव्यामुळे मला झोपता येत नाही त्याच्यासाठी माझ्या करातून पैसे जातात, तेव्हा वस्तीत मी एकटीच पडले असं मला वाटतं. यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

कट्टा

रातपाळी, तुमचा त्रास खरा आहे. पण कार्यक्रम म्हटलं की ध्वनिक्षेपकच हवा, हे गृहीतच मोडायला हवं.

ब्रिस्टलमध्ये २००९ साली दोन आयांनी शाळा सुटल्यावर आपली गल्ली थोडा वेळ वाहनांसाठी बंद करून घेतली. मंच नाही, भाषण नाही, फक्त पोरं रस्त्यावर खेळली आणि मोठी माणसं दारात उभी राहून बोलली. पुढे तिथल्या पालिकेने अशा गल्ल्यांसाठी रीतसर योजना केली आणि ती पद्धत इतर शहरांत गेली. अशा दुपारीला खर्च कसला? दोन अडथळे, दोन स्वयंसेवक.

वाहनांचा आणि ओळखींचा संबंध फार जुना अभ्यासलेला आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते पाहिले. दिवसाला सुमारे २,००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी ३ मित्र होते. सुमारे १६,००० वाहनांच्या रस्त्यावर हा आकडा ०.९ वर आला. घरं तशीच, माणसंही साधारण त्याच प्रकारची. रहदारी वाढली की लोक समोरच्या खोल्या सोडून मागच्या बाजूला राहायला लागतात, दारात उभं राहणं बंद होतं.

बोगोटात १९७४ पासून रविवारी काही रस्ते वाहनांना बंद ठेवतात. आता ते जाळं १२० किलोमीटरच्या पुढे गेलंय, सकाळी ७ ते दुपारी २. तिथली पालिका अशा गोष्टीला चैन समजत नाही.

हिशेबवही

कट्टा, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. गल्ली बंद करायला निधी लागत नाही, परवानगी लागते. पॅरिसचा शेजारी दिवस घ्या. १९९९ मध्ये १७ व्या विभागातले लोकप्रतिनिधी आतानाझ पेरिफाँ यांनी तो सुरू केला. त्यांच्या भागात एक वृद्ध बाई घरात मरून पडली होती आणि काही महिने कुणाला कळलंच नव्हतं. त्यांनी मोठा मंडप घातला नाही. इमारतीच्या अंगणात टेबल लावा, घरून काहीतरी घेऊन या, एवढंच सांगितलं. नंतर तो अनेक देशांत पसरला. लोकांना एकत्र यायचं असेल तर लोक येतात. पालिकेने त्यात पैसा घातला की ठेकेदार येतो.

म्हणून माझं म्हणणं कायम आहे: वर्गणी काढा.

तिसरा_मजला

'वर्गणी काढा' हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी भाड्याने राहते. नऊ वर्षांतली ही पाचवी इमारत. वर्गणीच्या कार्यक्रमांत काय होतं सांगते. यादी घरमालकांच्या नावाची असते. वर्गणी मागायला कुणी येत नाही, कारण 'त्या भाड्याच्या आहेत'. वर्गणी दिली नाही म्हणून बोलावणं नाही, बोलावणं नाही म्हणून ओळख नाही. दोन इमारतींत मी वर्षभर राहिले आणि रखवालदाराशिवाय कुणाला माझं नाव माहीत नव्हतं. आजारी पडले तेव्हा औषध आणायला बाहेरगावच्या मैत्रिणीला फोन करावा लागला.

ज्या एकमेव ठिकाणी मला कुणी 'तुम्ही सभासद का' विचारलं नाही, ते पालिकेच्या वाचनालयातलं शनिवारचं वाचन. त्याचे पैसे याच तरतुदीतून येत होते. तिथे भेटलेली एक आजी आता दर दोन दिवसांनी माझ्या घरी डोकावते. हिशेबवहींच्या खर्चाच्या यादीत ती ओळ फार लहान असणार. प्रस्ताव संमत झाला तर शाली आणि फलक दुसऱ्या कुठल्या नावाने परत येतील. वाचन मात्र बंद पडेल.

हिशेबवही

यादीत वाचनालयाची ओळ होती. तिसऱ्या पानावर, सगळ्यांत लहान रक्कम. मी ती पाहून पुढे गेलो होतो. तुमचा मुद्दा मला मान्य करावा लागेल, वर्गणी हा उपाय सगळ्यांसाठी नाही.

कोरडा_रस्ता

मग हे ठरवायचं कुणी? माझ्या मते लोकांनाच विचारा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून वस्ती-वस्तीत सभा घेऊन अंदाजपत्रकाचा काही भाग लोक ठरवू लागले. लोकांनी रस्ते, सांडपाणी, घरं मागितली. पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी असलेली घरं १९८८ मध्ये ७५ टक्के होती, ती १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेली. लोकांना खरंच विचारलं तर ते गटारच मागतात, याहून मोठा पुरावा काय हवा?

कट्टा

पण ते ठरलं कुठे? शेजारी शेजारी बसून झालेल्या सभांमध्ये. त्या सभांना जागा लागते, सूत्रसंचालन लागतं, बोलावणी पाठवावी लागतात. त्यावर खर्च होतोच. आणि पोर्तो अलेग्रेतच २०१७ मध्ये ही प्रक्रिया थांबवली गेली, हेही लक्षात घ्या. लोकांची सवय जपली नाही तर इतकी नावाजलेली गोष्टही बंद पडते.

तिसरा_मजला

आणि अशा मतदानात मी मोजली जाणार का? मतदारयादीत माझं नाव अजून जुन्या पत्त्यावर आहे. पॅरिसने २०१४ मध्ये लोकसहभागी अंदाजपत्रक सुरू केलं तेव्हा शहरात राहणाऱ्या सगळ्यांना, वय आणि राष्ट्रीयत्व न बघता, मत दिलं. तसं होणार असेल तर मी कोरडा_रस्ता यांच्या बाजूने. नाहीतर सभेला ज्याला वेळ आहे आणि ज्याचं घर आहे, तोच ठरवणार.

रातपाळी

सभा संध्याकाळी असते. तेव्हा मी कामावर निघालेली असते. एवढंच नोंदवते.

उंबरठा

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझी हरकत मी बदलली आहे. मसुदा असा:

'कार्यक्रमांसाठी आयोजकांना रोख रक्कम देणं बंद करावं, ती रक्कम गटारांकडे वळवण्यास हरकत नाही. मात्र वाचनालय, सभागृह आणि मैदान रहिवाशांच्या बैठकांना व उपक्रमांना विनाशुल्क द्यावं, भाडेकरूंसह सर्वांना. ठरावीक दिवशी गल्ली काही तास वाहनांना बंद करण्याची परवानगी एका पानाच्या अर्जावर मिळावी. अशा उपक्रमांत ध्वनिक्षेपकाला परवानगी नसावी. वाचनालयातले चालू उपक्रम सुरू राहावेत आणि त्यांचा खर्च वाचनालयाच्या नियमित तरतुदीतून व्हावा. अंदाजपत्रकाबाबतच्या सूचना लेखीही स्वीकाराव्यात, म्हणजे सभेला येऊ न शकणाऱ्यांना त्या देता येतील.'

इंग्लंडमध्ये गल्लीतल्या छोट्या मेळाव्यांसाठी अनेक पालिका रस्ता बंद करण्याची परवानगी १८४७ च्या एका जुन्या कायद्याखाली देतात, आणि विमा काढण्याची सक्ती केंद्र सरकारकडून नाही. इतकं सोपं करता येतं.

सह्या हव्या आहेत.

रातपाळी

ध्वनिक्षेपकाचं वाक्य काढू नका, मग माझी सही धरा.

हिशेबवही

माझी सही. रोख बंद हे पहिलं वाक्य राहिलं पाहिजे. सोबत तीन वर्षांच्या खर्चाची प्रत जोडा, मी पाठवतो. तिसऱ्या पानासकट.

कोरडा_रस्ता

मी सही करणार नाही, म्हणजे आत्ता नाही. सभागृह विनाशुल्क देणं म्हणजे भाड्याचं उत्पन्न सोडणं, आणि त्या उत्पन्नाचं काय करायचं हे मसुद्यात नाही. ती रक्कम किती आहे ते आधी विचारून घ्या. मैदान, गल्ली आणि वाचनालय यांना माझी हरकत नाही. सभागृहाचं वाक्य वेगळ्या अर्जात टाकलंत तर पहिल्यावर सही देतो.

मंगळवारी संध्याकाळी त्या दोघा भावांबरोबर गटाराच्या कामाची जागा बघायला जाणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी या. रातपाळी, तुम्हाला जमावं म्हणून सकाळी ठेवू का?