मनाच्या डॉक्टरकडं जायचं तर गावातच की गावाबाहेर?

खानापूरवाला: माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा पण शिव्या नकोत. तालुक्याच्या गावात काउन्सेलर शोधूच नये, सरळ बेळगाव नाहीतर धारवाड गाठावं. इथं दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की संध्याकाळपर्यंत मावशीला फोन गेलेला असतो आणि पुढं पोराच्या लग्नात तेच निघतं. चुलतभावाला झोप नाही, कामावर जात नाही, घरचे म्हणूलालेत सौंदत्तीला जाऊन येऊया. जा की यल्लम्माला, कोण नको म्हणतंय, पण डॉक्टरला पण दाखवा.

निपाणीची ताई: दादा तुमचं बरंय, गाडीला किक मारली की निघालात. धारवाडचं डिमहान्स, म्हणजे मनाच्या आजारांचा मोठा दवाखाना, सरकारी आहे, चांगलं आहे, पण बेळगावपासूनच सत्तर-ऐंशी किलोमीटर, आम्हाला त्यापेक्षा कोल्हापूर जवळ पडतं. बरं हे काय एकदा जाऊन भागत नाही, आठवड्याला नाहीतर पंधरा दिवसाला जायचं, बिडी वळणारी बाई हजेरी बुडवून किती वेळा जाणार आणि घरी काय सांगून जाणार? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोचैतन्य या सरकारी योजनेतला मनाचा डॉक्टर मंगळवारी येतो, तारीख आधी विचारून घ्या. ओपीडीत सगळ्यांसारखी चिठ्ठी काढायची, तुम्ही तापाला आलाय का मनाला हे रांगेतल्याला काय कळतंय?

चिकोडी_पाटील: चिठ्ठीचं सोडा, आत काय होतंय ते बोला की ताई. बाहेर एवढी गर्दी, डॉक्टर दोन प्रश्न विचारणार, गोळ्या लिहून देणार. बोलायचं कधी? आणि मला कन्नड येतं हो, बाजारापुरतं, बँकेपुरतं. बायकोशी का पटत नाही ते कन्नडमध्ये सांगताना माझी जीभ वळत नाही, त्यापेक्षा मिरज-कोल्हापूर बरं.

गल्लीतले_काका: आमच्या वेळी असलं काही नव्हतं. पारावर बसून बोललं की मन हलकं व्हायचं, फुकटात.

निपाणीची ताई: काका, पारावर जे बसतात त्यांनाच तर कळू द्यायचं नाहीये 😄 आणि पारावर बायका कधी बसल्या?

एमए_सायकॉलॉजी: सगळे एकच समजून भांडूलालाय म्हणून लिहिते. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमडी डॉक्टर, गोळ्या तोच देतो आणि झोप उडालीय, खाणं सुटलंय तर आधी तिकडंच जायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलून उपचार करतो, त्याच्याकडं आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, सरकारी संस्था) नोंदणी लागते, नंबर विचारायला लाजू नका. नुसता 'काउन्सेलर' बोर्ड मात्र चार दिवसांचा कोर्स करून पण लावलेले बघितलेत, तेव्हा शिक्षण विचाराच. पाटील, भाषेसाठी मिरजेला कशाला, बेळगाव शहरात मराठी बोलणारे आहेत, फोन करून आधी विचारा. नाहीतर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, फोन 14416, 2022 पासून सुरू आहे, फुकट, रात्री पण चालतं, मराठी निवडता येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मंगळवारची वाट बघत बसू नका, घरातलं कुणीतरी सोबत घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

खानापूरवाला: फोनवर बोलायचं कुठं पण? दोन खोल्यांचं घर, आजी कान देऊन बसलेली.

एमए_सायकॉलॉजी: शेतात जा की बोलायला, गाडीवर बसून बोला. आणि लोकांना कळेल म्हणून घाबरूलालाय ना, 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलाय.

चिकोडी_पाटील: कायदा डॉक्टरला आहे, कंपाउंडरच्या बायकोला नाही.

खानापूरवाला: 👆 हेच म्हणूलालोय मी सकाळपासून.

निपाणीची ताई: मग त्या भीतीनं चुलतभावाला असाच ठेवणार का? बेळगावला न्यायचं म्हणताय ना, मग कधी ते सांगा. तारीख सांगा.

खानापूरवाला: काकांना विचारून सांगतो. ते अजून सौंदत्तीच म्हणूलालेत.

निपाणीची ताई: पौर्णिमेला सौंदत्ती, मंगळवारी दवाखाना, दोन्ही करा म्हणून सांगा काकांना. आणि कुणाला संकेश्वर-हुक्केरीकडं मराठी बोलणारी बाई डॉक्टर माहीत असेल तर मला कळवा, नाव इथं नको, मेसेज करा.